१४ ते २३

आकडा १४ होता. मी वाकले, दादाच्या उजव्या कानापाशी तोंड नेलं, कारण डाव्या बाजूला पट्ट्या होत्या, आणि म्हणाले, “दादा, तुझा चष्मा माझ्याकडे आहे. फुटला नाहीये.” एवढंच. आयसीयूत भेटायला मिळणाऱ्या दहा मिनिटांत माणूस काय काय बोलायचं ठरवून जातो आणि प्रत्यक्षात तोंडून काय बाहेर पडतं, याचा काही ताळमेळ नसतो. बाहेर बाकावर बसून मी मनाशी बरंच काही जुळवलं होतं. आत गेल्यावर आठवला तो चष्मा. मान वर करून मॉनिटरकडे पाहिलं तर १६ झाले होते. मग १९. मग २३, आणि तो आकडा लुकलुकायला लागला, बारीक टिंग-टिंग सुरू झाली. सिस्टर दोन खाटांपलीकडून आल्या, हाताच्या पालथ्या बाजूनं मला हलकेच मागे सारलं आणि म्हणाल्या, “ताई, जरा बाजूला व्हा हं.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दादाची मान किंचित डावीकडे कलली होती ती त्यांनी सरळ केली, ट्यूब बांधलेली पट्टी गळ्याशी आवळली तर नाही ना, हे बोट घालून पाहिलं, खाट डोक्याकडून ३० अंशांवर उचललेली आहे याची खात्री केली आणि आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या. चारेक मिनिटांत तो १५ वर आला. माझी वेळ संपली.

त्या नऊ अंकांचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दादा शिडीवरून पडला होता. फार उंचावरून नव्हे. पडण्यातली उंची आणि लागण्यातली खोली यांचा सरळ हिशेब नसतो, हे तेव्हा कळलं. त्याच्या कवटीला बारीक छिद्र पाडून आत एक तार सोडली होती आणि तिच्या टोकाशी आतला दाब मोजला जात होता. पडून असलेल्या धडधाकट माणसात हा दाब साधारण ५ ते १५ मिलिमीटर पारा असतो. २२ च्या वर राहायला लागला तर उपचार करायचा, असं २०१६ सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या वेळी मला इतकंच ठाऊक होतं, की पडद्यावरच्या सगळ्या आकड्यांमध्ये डॉक्टर आल्या आल्या ज्याच्याकडे बघतात तो हा आकडा. त्यामुळे आम्हीही त्याच्याकडेच बघायचो. वहिनी तर आत गेल्यावर दादाच्या चेहऱ्याआधी मॉनिटर बघायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

रात्रपाळीला एक निवासी डॉक्टर असायचे. वयानं माझ्याहून लहान, डोळ्यांखाली काळं, खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकच चालणारं. तिसऱ्या रात्री मी त्यांना विचारलं, की हा आकडा नेमका कशाचा. त्यांनी आकड्याऐवजी रेषेकडे बोट केलं. म्हणाले, “लाटेचा आकार बघा. प्रत्येक ठोक्याला तीन उंचवटे दिसतात. पहिला मोठा, दुसरा त्याहून बुटका, तिसरा आणखी बुटका. जिना उतरल्यासारखं. दुसरा उंचवटा पहिल्याच्या डोक्यावर चढला, की समजायचं आत जागा उरली नाही.” मी पाहिलं. दुसरा आणि पहिला जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे होते. त्यानंतर कितीतरी दिवस मला झोपेतसुद्धा ते तीन उंचवटे दिसत. अजूनही कुठे डोंगररांगेचं चित्र पाहिलं की मी आधी दुसऱ्या शिखराची उंची बघते.

जागा हा शब्द त्या खोलीत फार वेळा ऐकला. कवटी हा बंद डबा. आत सुमारे ८० टक्के मेंदू, उरलेल्यात निम्मं रक्त आणि निम्मं मेंदूभोवतीचं नितळ पाणी. एकाला जास्त जागा हवी असेल तर दुसऱ्यानं सरकायचं, हा नियम १७८३ साली एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी मांडला आणि त्यांचा विद्यार्थी जॉर्ज केली यानं तो पुढे नेला. हा केली लीथ बंदरातला डॉक्टर. १८२१ च्या नोव्हेंबरात तिथं वादळ झालं आणि सकाळी काही माणसं उघड्यावर मरून पडलेली सापडली. त्यातल्या दोघांचं शवविच्छेदन करताना मेंदूतल्या रक्तानं त्याला विचारात पाडलं. थंडीवाऱ्यात गारठून मेलेल्या अनोळखी माणसांच्या कवट्या उघडून कुणीतरी शोधलेला नियम दोनशे वर्षांनी माझ्या भावाच्या उशाशी लुकलुकत होता, हा विचार सुखाचा नाही. पण त्या दिवसांत डोक्याला काहीतरी चाळा हवाच होता, आणि वाचनाइतका स्वस्त चाळा दुसरा नाही.

वाचता वाचता लक्षात आलं, की दाब ही गोष्टीची एक बाजू. खरा प्रश्न रक्ताचा. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी २० टक्के खातो आणि साठवणीला जवळपास काहीच ठेवत नाही. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त. ते २० च्या खाली गेलं की पेशी कामं थांबवतात, १० च्या खाली गेलं की मरायला लागतात. आता गंमत बघा. माणसाचं बीपी दिवसभरात कितीदा वरखाली होतं. झोपलेलं असताना एक, जिना चढताना दुसरं, भांडताना तिसरं. तरी मेंदूला मिळणारं रक्त फारसं हलत नाही. डॅनिश शास्त्रज्ञ नील्स लासेन यांनी १९५९ साली बऱ्याच जणांची मोजमापं एका आलेखावर मांडली, तेव्हा मधोमध एक पठार दिसलं: सरासरी बीपी ६० पासून १५० पर्यंत कुठेही असो, प्रवाह जवळपास तेवढाच. याला ऑटोरेग्युलेशन म्हणतात, स्वयंनियमन. ते पठार निरनिराळ्या माणसांच्या सरासऱ्या जोडून बनलेलं होतं. एकेका माणसाचं पठार त्याहून बरंच अरुंद आणि ज्याचं त्याचं वेगळं असतं, हे पुढे स्पष्ट होत गेलं. पण मुख्य गोष्ट खरी ठरली.

हे काम करतात बारक्या धमन्या, केसाहून फार जाड नसलेल्या. दाब वाढला की भिंत ताणली जाते, आणि ताणली गेली की तिच्यातला स्नायू आपणहून आवळतो. इंग्लंडच्या बेलिस यांनी १९०२ साली रक्तवाहिन्यांचा हा स्वभाव सांगितला. डेन्मार्कच्या मोगेन्स फोग यांनी १९३० च्या दशकात मांजराच्या कवटीत काचेची खिडकी बसवून तो मेंदूच्या पृष्ठभागावर डोळ्यांनी पाहिला: बीपी चढलं की नळ्या बारीक, उतरलं की रुंद. नळीची रुंदी १० टक्क्यांनी कमी झाली तरी तिच्यातून जाणारं रक्त तिसऱ्या हिश्शानं घटतं, कारण इथं त्रिज्येचा चौथा घात चालतो. इतकी नाजूक चावी, आणि ती फिरवणाऱ्याचा आपल्याला पत्ताच नाही. आपण खुर्चीतून उठतो, रक्त पायांकडे धावतं, बीपी क्षणभर पडतं, आणि काही सेकंदांत डोक्यातल्या हजारो नळ्या सैल होऊन घेतात. आपण तोवर दाराशी पोचलेलो असतो आणि उठलो कशाला होतो ते विसरलेलो असतो.

लहानपणी मैदानात एक लोखंडी आडवी दांडी होती. दादा तिला गुडघ्यांत पाय अडकवून उलटा लटकायचा आणि मला आकडे मोजायला लावायचा. शंभर झाल्याशिवाय खाली यायचा नाही. त्याचा चेहरा आधी गुलाबी, मग तांबडा, मग वांग्यासारखा व्हायचा, कपाळावरची शीर टरारून उठायची, खिशातली नाणी एकेक करून मातीत पडायची. साठीच्या पुढे मला रडू यायला लागायचं, कारण माझी खात्री असायची की आता याचं डोकं फुटणार. मी घाईघाईनं मोजायचे, सत्तरवरून थेट ऐंशी. तो उलट्या तोंडानं ओरडायचा, “मधले खाल्लेस!” चेहऱ्याच्या कातडीत रक्त तुंबत होतं ते दिसत होतं. आतमध्ये, दिसत नव्हतं तिथं, त्या बारक्या नळ्या अंग चोरून घेत होत्या आणि दाब आपल्या अंगावर झेलत होत्या. त्यांच्या जिवावर तो शंभरपर्यंत टिकायचा आणि श्रेय घ्यायचा स्वतः.

त्याच नळ्या आता मार खाऊन पडल्या होत्या.

मार लागल्यावर मेंदूत काय होतं याचं माझं चित्र फार भाबडं होतं. मला वाटायचं लागलं, सुजलं, रक्त साकळलं, आता हळूहळू उतरेल. धक्क्याच्या क्षणी जे तुटायचं ते तुटतं, हे बरोबर. पण पुढच्या तासांत आणि दिवसांत दुसरं नुकसान होत राहतं आणि त्यात मोठा हात या बिघडलेल्या नळ्यांचा असतो. हर्मीस काँटोस यांनी अमेरिकेत मांजरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की धक्क्यानंतर मेंदूच्या पृष्ठभागावरच्या धमन्या पसरतात आणि तशाच राहतात. बीपी बदला, कार्बन डायऑक्साइड बदला, त्या दाद देत नाहीत. धक्क्यानंतर तयार होणारे प्राणवायूचे मोकाट रेणू नळीचं अस्तर आणि स्नायू दोन्ही पोळतात. मग ऑटोरेग्युलेशन जातं. बीपी वाढलं की रक्त भसाभस आत, घटलं की आत दुष्काळ. पहाऱ्यावरचा माणूस निजला की दार वाऱ्यानं जसं हलतं, तसं. सगळ्यांचं तसं होत नाही, आणि ज्याचं होतं त्याच्या मेंदूच्या सगळ्या भागांत सारखं होत नाही. एका बाजूचं शाबूत, दुसऱ्या बाजूचं गेलेलं, असंही असतं. धक्का वरवर किरकोळ असला तरीही ते थोडंफार बिघडू शकतं, ही गोष्ट मला सगळ्यात अस्वस्थ करणारी वाटते.

शिवाय दिवसागणिक रूप बदलतं. १९९७ साली न्यूरोसर्जन नील मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर इजा झालेल्या रुग्णांत तीन टप्पे मांडले: इजेच्या दिवशी प्रवाह कमी, त्यानंतरच्या पहिल्यापासून तिसऱ्या दिवसापर्यंत जास्त, आणि चौथ्या दिवसापासून साधारण पंधराव्यापर्यंत मोठ्या धमन्या आखडण्याचा धोका. मी चष्म्याचं बोलले तो चौथा दिवस. असले योगायोग शोधायची तेव्हा मला सवयच लागली होती. आणखी एक गोष्ट वाचली तेव्हा तर मी लॅपटॉप मिटूनच टाकला. मेंदूच्या पृष्ठभागावरून कधी कधी विजेची एक संथ लाट पसरत जाते. ब्राझीलच्या लेआँव यांनी ती १९४४ मध्ये सशांमध्ये वर्णन केली होती. निरोगी मेंदूत अशी लाट आली की पेशींना सावरायला जास्त रक्त लागतं, आणि नळ्या रुंदावून ते देतात. जखमी मेंदूत त्याच लाटेला त्याच नळ्या कधी कधी आवळून उत्तर देतात. जास्त हवं असतं नेमकं तेव्हा कमी. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, ही म्हण मी आयुष्यभर नातेवाइकांच्या संदर्भात ऐकली होती.

डॉक्टरांची अवस्था काय होत असेल, याची कल्पना हे वाचल्यावर आली. मेंदूला रक्त ढकलणारा जोर म्हणजे सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. तो ६० ते ७० च्या दरम्यान ठेवायचा. मग बीपी वाढवा की. पण ऑटोरेग्युलेशन गेलेलं असेल तर वाढवलेलं बीपी सरळ आत शिरतं आणि सूज वाढवतं. बरं, कमी ठेवा. तर १९९३ साली शेकडो रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं गेलं, की गंभीर इजेनंतर सिस्टॉलिक, म्हणजे वरचं, बीपी एकदाही ९० च्या खाली गेलं असलं तरी मृत्यूचं प्रमाण दुप्पट दिसतं. आणि ज्याचं ऑटोरेग्युलेशन शाबूत आहे त्याच्यात आणखी उफराटं. बीपी पडलं की नळ्या रुंदावतात, रुंदावलेल्या नळ्यांत रक्त जास्त मावतं, डब्यात जागा नसते, म्हणून आतला दाब चढतो, त्यानं ढकलणारा जोर आणखी घटतो, नळ्या आणखी रुंदावतात. म्हणजे कवटीतला दाब वाढला यावर उपाय बीपी वाढवणं हा असू शकतो, आणि शेजारच्या खाटेवर तोच उपाय घातक. इकडे आड तिकडे विहीर, आणि कुठली कुठे आहे ते वरून कळत नाही.

श्वासाचंही तसंच. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब एका मिलिमीटरनं कमी केला तर मेंदूतला प्रवाह २ ते ४ टक्क्यांनी घटतो. व्हेंटिलेटरची गती वाढवली की नळ्या आवळतात, जागा होते, आकडा सुरेख खाली येतो. एके काळी असं दिवसचे दिवस करत. आकडा सुरेख आणि मेंदू उपाशी. १९९१ साली एका चाचणीत नियमितपणे असं केलेल्या रुग्णांचा गट मागे पडलेला दिसला, तेव्हा हात आखडला गेला. मला त्या जुन्या डॉक्टरांचा राग येत नाही. समोर लुकलुकणारा आकडा असताना तो खाली आणायचा मोह काय असतो, ते मी पाहिलंय. तिथं माझ्या हातात व्हेंटिलेटरचं बटण असतं तर मी दाबलं असतं.

मग ऑटोरेग्युलेशन गेलंय की आहे हे ओळखायचं कसं? रात्रपाळीच्या डॉक्टरांनी त्याचंही उत्तर दिलं होतं, भिंतीला टेकून, एका पायावर भार टाकून. “वरची लाल रेषा बीपीची. खालची आतल्या दाबाची. दोघी सावकाश हलतात, अर्ध्या मिनिटाच्या, मिनिटाच्या लयीत. लाल वर गेल्यावर खालची जागेवर राहिली किंवा किंचित उतरली तर नळ्या आवळताहेत, काम चालू आहे. लालच्या मागोमाग खालची पण वर, तर नळ्या नुसत्या पाइप झाल्यात.” केंब्रिजच्या मारेक चोस्निका यांच्या गटानं १९९७ मध्ये याच नात्याला आकड्यात बसवलं. दहा दहा सेकंदांच्या सरासऱ्या काढायच्या आणि दोन रेषांचा मेळ उणे एक ते अधिक एक यांत मोजायचा. शून्याखाली बरं, शून्याच्या वर जसजसं जाल तसतसं वाईट. त्यावरून ज्याच्या त्याच्यासाठी योग्य दाब कोणता हेही काढायचा प्रयत्न चाललाय. त्याची ६० रुग्णांवरची एक चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, असं करणं शक्य आणि सुरक्षित दिसतं इथपर्यंत ती पोचली. आमच्या वॉर्डात असला संगणक नव्हता. डॉक्टर डोळ्यांनी बघत. मीही बघू लागले. दहा मिनिटं दोन रेषांकडे टक लावून, लाल वर गेली की श्वास रोखून. हे विज्ञान नव्हतं. कौल लावण्याचाच प्रकार होता, फक्त यंत्रासमोर. वहिनी एकदा म्हणाली, “त्याचा हात तरी धर गं, टीव्ही काय बघतेस.”

आता त्या नऊ अंकांकडे येते.

दादा घरी आल्यावर काही महिन्यांनी मला एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचायला मिळालं. १८७० च्या दशकाच्या शेवटी इटलीत आंजेलो मोस्सो नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे बर्तिनो नावाचा एक शेतकरी आला. डोक्याला इजा होऊन त्याच्या कवटीच्या हाडाला भगदाड पडलेलं होतं आणि त्या जागी कातडीखाली मेंदूची स्पंदनं हाताला लागत. मोस्सोनं तिथं एक उपकरण बसवलं, दुसरं त्याच्या हातावर, आणि दोन्हींच्या लाटा कागदावर उमटवत बसला. दुपारचे बारा वाजले, चर्चच्या घंटा वाजल्या, आणि मेंदूवरची लाट उंचावली. हातावरची तशीच राहिली. मोस्सोनं विचारलं, प्रार्थना म्हणायची आठवण झाली का? पुन्हा लाट उंच. मग त्याला आठ बाराचा गुणाकार करायला सांगितला. पुन्हा उंच. मनात काही आलं आणि रक्त तिकडे वळलं, हे एका माणसाच्या जखमेतून तेव्हा दिसलं. पुढे १८९० मध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी मेंदू आपल्या कामाप्रमाणे आपला पुरवठा स्वतः ठरवतो, असं लिहून ठेवलं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तोपर्यंत ते १४ ते २३ माझा अपराध होता. बाहेर सगळ्यांना सांगितलेलं असायचं, की पेशंटला उत्तेजित करू नका, हळू बोला, आणि मी कानाशी लागून चष्म्याचं पुराण लावलं. त्या चार मिनिटांत त्याच्या मेंदूच्या कुठल्या कोपऱ्याला रक्त कमी पडलं असेल, आणि नंतर त्याला जे शब्द सापडेनासे झाले त्यातले किती त्या कोपऱ्यातले, असला हिशेब मी कितीदा तरी मांडला होता. आणि आता अचानक दुसरं दार उघडलं. त्यानं ऐकलं असेल तर? चष्मा हा शब्द आत पोचला, कुठेतरी ओळख पटली, तिथं थोडं रक्त धावलं, आणि डब्यात जागाच नव्हती म्हणून ते थोडंसं रक्त आकड्यात एवढं मोठं दिसलं? तो चार दिवसांतला त्याचा पहिला प्रतिसाद, आणि आम्ही त्याला अलार्म समजलो?

असं व्हायला आवडलं असतं. पण शंका आहेच. एका शब्दानं वळणारं रक्त फार थोडं असतं. ठासून भरलेल्या डब्यात थोडंही पुष्कळ होतं हे खरं, तरी नऊ अंक? त्यापेक्षा साधी शक्यता अशी, की औषधांच्या गुंगीतून तो किंचित वर आला, ट्यूब टोचली, खोकल्याची उबळ दाबली गेली, बीपी चढलं आणि नळ्या नुसत्या पाइप झालेल्या असल्यामुळे आतला दाब त्याच्या मागोमाग गेला. किंवा माझ्या वाकण्यानं उशी सरकली, मान कलली आणि मानेतली शीर दबून रक्त बाहेर पडायचं अडलं. सिस्टरनी पहिली मान सरळ केली होती. त्यांना नक्की जास्त कळत होतं.

यातलं काय झालं, हे सांगू शकणारी एक गोष्ट पडद्यावर होती. लाल रेषा. ती आधी चढली होती का? चढली असेल तर बीपी आत शिरलं. ती जागेवर असताना खालचीच वर गेली असेल, तर आतलं काहीतरी, बाहेर पडायचं अडलेलं रक्त नाहीतर बर्तिनोची घंटा. एरवी मी त्या लाल रेषेची भक्ती करायचे, आणि नेमक्या त्या मिनिटाला मी फक्त आकडा बघत होते.

दादा आता चालतो, बोलतो, चिडतो. लोक म्हणतात, “काही झालं होतं असं वाटतच नाही.” ते ऐकून वहिनी गप्प बसते. त्यांना दिसत नाही तो दुपारी तीननंतरचा दादा, ज्याला दोन माणसं एकदम बोललेली चालत नाहीत, पडद्याकडे पंधरा मिनिटं पाहिलं की डोकं जड होतं, आणि जिना भरभर चढला की कपाळ दाबून पायरीवर बसावं लागतं. पहिल्या वर्षी मला हे आळसासारखं वाटायचं, हे कबूल करते. एकदा म्हणालेही, “थोडा जोर लाव ना दादा.” इजेनंतर काही जणांत व्यायामाला, श्वासाला, नुसत्या उभं राहण्याला मेंदूतला प्रवाह पूर्वीसारखा सांभाळला जात नाही आणि ते महिनोन्महिने रेंगाळू शकतं, हे नंतर वाचलं. जोर लावण्याची जागाच तिथं नसते. त्याचा राग, त्याचं रडणं, सगळं आता थेट येतं, मध्ये काही न अडता, आणि मला मोह होतो म्हणायचा, की तिथलंही पठार गेलं. पण हे रूपक फार गुळगुळीत आहे. रक्तनळ्यांचा आणि रागाचा संबंध इतका सरळ नसतो. शिवाय दादा आधीपासूनच तापट.

एक मात्र तो शिकलाय. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकतो, दोन्ही हात टेबलावर ठेवतो, उभा राहतो आणि थांबतो. ओठ हलत असतात. मोजतो. किती ते मी विचारलेलं नाही. तो थांबलेला असताना घरातलं कुणी काही बोलत नाही, आणि मला वाटतं त्या शांततेची त्याला लाज वाटते, कारण मोजून झालं की तो हमखास काहीतरी मोठ्यानं बोलतो, पंखा फार फिरतोय किंवा तसलंच काही.

गेल्या रविवारी मी त्याला सगळं सांगितलं. १४, २३, सिस्टर, चर्चची घंटा. त्याला त्या दिवसांतलं काहीही आठवत नाही, शिडीसुद्धा नाही, त्यामुळे तो दुसऱ्याच कुणाची गोष्ट ऐकावी तसा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “पण बोललीस काय?”

“तुझा चष्मा माझ्याकडे आहे म्हणाले.”

“मग दिलास कुठे?”

मी बॅग धुंडाळली. आतल्या चेनच्या कप्प्यात, आयसीयूच्या पासबरोबर, तो अजून होता. दोन वर्षं माझ्याबरोबर सगळीकडे हिंडलेला, एका काडीचा स्क्रू सैल झालेला. दादानं सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, आधी डावी मग उजवी, तोंडाची वाफ देऊन, अगदी पूर्वी पुसायचा तशा. डोळ्यांवर चढवला. खिडकीबाहेर पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा खिडकीबाहेर.

“धूसर दिसतंय,” म्हणाला. “नंबर वाढलाय.”